रविवारची तारीख

जबलपुरातल्या घमापूरच्या रत्नाकरराव ढोमण्यांनी एकतीस वर्षांत एकही तारीख चुकवली नव्हती. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत, त्यांचे वकील बापूसाहेब सांगत. नवा पक्षकार ऑफिसात आला, की चहा यायच्या आधी बापूसाहेब बोट दाखवून म्हणायचे, "माझा कायदा एखाद्या वेळी चुकेल, ढोमणेची तारीख नाही चुकणार." पक्षकार वळून बघायचा. दारापाशी फायलींना फीत बांधत एक बारीक, उंच, कॉलर विरलेल्या पांढऱ्या शर्टातला माणूस उभा असायचा. तो किंचित हसायचा आणि पुन्हा फीत बांधायला लागायचा.

रत्नाकरराव जबलपूरच्या हायकोर्टात बापूसाहेबांचे मुंशी होते. मुंशी म्हणजे वकिलाचा कारकून. पण कारकून म्हटलं की टेबल-खुर्ची डोळ्यांपुढे येते, आणि मुंशीला बसायची फुरसतच नसते. सकाळी कोणाची केस कोणत्या कोर्टात लागली ते बघायचं, फायली त्या त्या दारी पोचवायच्या, साहेबांचा गाऊन सांभाळायचा, नकला काढायच्या, आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे कोणत्या अपिलाची मुदत कधी संपते ते डोक्यात ठेवायचं. डायरी होती, पण ती मन राखायला. खरी डायरी डोक्यातच होती.

तिथले काही नियम त्यांच्या हाडात उतरले होते. मुदतीचा शेवटचा दिवस रविवारी आला, तर कागद सोमवारी दाखल केला तरी वेळेत धरतात, कारण रविवारी कोर्टच बंद. आणि सोमवारही हुकला, तर उशिराच्या माफीचा अर्ज करायचा, सोबत शपथपत्र. कोर्टातले लोक त्या अर्जाला 'धारा पाँच' म्हणतात. आजारपण, गावी मयत, पोस्टाचा घोळ, जे खरं असेल ते लिहायचं आणि हात जोडायचे. बहुतेक वेळा वरून मान हलायची. दुसऱ्या वकिलांच्या मुंशींसाठी रत्नाकररावांनी असे अर्ज किती लिहून दिले असतील, त्याची गणती नाही. स्वतःसाठी एकदाही नाही.

त्यांना एकच मुलगी, समिधा. आठवीत असताना ती एकदा बाबा डबा विसरले म्हणून तो द्यायला कोर्टात आली होती. मागच्या बाकावर बसून तिनं एका बाईवकिलाला बोलताना ऐकलं. बाई ठेंगणी होती, आवाजही मोठा नव्हता, पण समोरच्या बाजूचे तीन वकील उभे राहून ऐकत होते. घरी येऊन समिधा आईला म्हणाली, "आई, मी तेच करणार." आई इंदू पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "कर की. पण आधी ते दप्तर उचल रस्त्यातून."

ते दप्तर उचलणं आणि बारावीचा निकाल यांच्यामध्ये चार वर्षं गेली. समिधाला एक्याण्णव टक्के पडले. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा कोर्स असतो, त्याची प्रवेशपरीक्षा तिनं क्लास न लावता दिली, कारण त्या क्लासची फी ऐकूनच इंदूनं फोन ठेवून दिला होता. नंबर फार मागे लागला. मग ठरलं की आधी तीन वर्षं बी.ए. करायचं, मग तीन वर्षांचं एलएल.बी. लांबचा रस्ता, पण रस्ता होता.

आता बी.ए. कुठून करायचं, तिथे घोडं अडलं.

एक सरकारी मुलींचं कॉलेज गावातच होतं. वर्षाची फी इतकी कमी की त्यात समिधाचे दोन ड्रेस आले नसते. दुसरं पुण्याचं. तिच्या शाळेतल्या बाईंनी भरायला लावला म्हणून तिनं तिथला फॉर्म भरला होता, आणि पहिल्याच यादीत तिचं नाव आलं. ते कॉलेज असं, की नाव घेतल्यावर पुढे काही सांगावं लागत नाही. फी, वसतिगृह, मेस, जाणं-येणं धरलं तर तीन वर्षांचे साडेपाच लाखांच्या वर जात होते. पोस्टात सहा होते. इंदूनं शिवणकाम करून आणि रत्नाकररावांनी नकलांच्या कामातून ते अठरा वर्षांत जमवले होते, आणि दोघांनी ते समिधाच्या वकिलीसाठी म्हणूनच ठेवले होते.

"सगळे बी.ए.तच संपले तर वकिली कशानं करायची?" इंदू म्हणाली. "माहेरून काही येणार नाही. दादानं शेत विकलं तेव्हाच सांगितलं."

"मी कुठं मागून राहिलो?"

"मागून नाही राहिले, पण विचार करून राहिले. तोंडावर दिसते."

समिधा म्हणाली, "आई, पुण्याला गेलं तर मी ट्यूशन घेईन ना. कुछ तो हो जाएगा."

"पुण्याच्या पोरांना तू काय शिकवशील? हिंदी?"

यावर तिघंही हसली. हसणं संपलं आणि पुन्हा तोच कागद तिघांच्या मध्ये. रत्नाकररावांनी तो कोर्टाच्या जुन्या यादीच्या पाठीवर लिहिला होता. डावीकडे पुणे, उजवीकडे जबलपूर.

इंदूनं एकदा सुचवलं, "दत्तापुढे चिठ्ठ्या टाकू. महाराज देतील तो कौल." देव्हाऱ्यात दत्ताची तसबीर होती, गुरुवारी तिला पेढ्याचा नैवेद्य असे. रत्नाकरराव रोज तिच्यापुढे हात जोडल्याशिवाय चप्पल पायात घालत नसत. पण ते म्हणाले, "नको. त्यानं बुद्धी दिली आहे ती वापरू. प्रत्येक गोष्टीत त्याला साक्षीला काहून बोलवायचं?"

त्यांनी बापूसाहेबांना विचारलं. बापूसाहेब म्हणाले, "अरे बी.ए. कुठूनही कर. कोर्टात कोणी बी.ए. विचारतं का? पैसे ठेव. एलएल.बी. झाली की आण तिला इथे, माझ्या ऑफिसात बसेल."

ऐकून बरं वाटलं. पण फायली घेऊन जिना उतरताना रत्नाकररावांना आठवलं, की बापूसाहेबांचा नातू केतन बी.ए.साठी दिल्लीला गेला होता, आणि त्याच्या पहिल्या फीचा ड्राफ्ट बँकेतून त्यांनीच काढून आणला होता. तेव्हा बापूसाहेबांनी कुठूनही कर म्हटलं नव्हतं.

केतन आता त्याच ऑफिसात वकील होता. मुलगा मोकळा होता, मुंशींना काका म्हणायचा. त्यालाही विचारलं.

"काका, सच बोलूं?" केतन म्हणाला. "आजोबा सांगतात ते अर्धं खरं आहे. कोर्टात कोणी विचारत नाही. पण कोर्टापर्यंत जायला विचारतात. चांगल्या लॉ कॉलेजला, मोठ्या वकिलाकडे. आणि मला तिथे पुस्तकांपेक्षा माणसं जास्त मिळाली. आजही अडलं की मी त्यांनाच फोन करतो. इथे राहिलो असतो तर कोणाला केला असता?" मग हसत म्हणाला, "तुम्हाला, अर्थात."

रत्नाकरराव हसले नाहीत. त्यांनी एकतीस वर्षं वकील बघितले होते. खालच्या मजल्यावर, जिन्याखाली खुर्ची टाकून शपथपत्रं करत म्हातारे झालेले वकील त्यांना नावानिशी माहीत होते. त्यांतले हुशार कोण तेही माहीत होते. हुशार असून जिन्याखाली बसलेले होते.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी घरी येऊन सांगितलं, "पुणे."

समिधा आत गेली आणि नळ सोडून तोंड धुवत राहिली. इंदू म्हणाली, "आणि वकिलीचे पैसे?" रत्नाकरराव म्हणाले, "तीन वर्षं आहेत. बघू. साहेबांना वसतिगृहाचं सांगितलं आहे. पुण्यात त्यांची ओळख आहे, काही सवलत होत असेल तर फोन करून सोमवारी सांगतो म्हणाले."

"आणि भरायचं कधी?"

"रविवारपर्यंत," समिधा आतून म्हणाली. "पाच बजे तक. आत्ता फक्त बारा हजार, सीट पक्की करायला. बाकी नंतर."

शनिवारी रत्नाकरराव पोस्टापर्यंत गेलेही होते. रांग दारापर्यंत होती. उभे राहिले, मग त्यांच्या डोक्यात आलं, की सोमवारी साहेब वसतिगृहाचं सांगणार. सवलत मिळाली तर किती काढायचे ते तेव्हाच कळेल. दोनदा रांग काहून लावायची? शेवटची तारीख रविवार. रविवार म्हणजे सुट्टी. सुट्टीची तारीख सोमवारवर जाते. हा विचार त्यांनी केला असंही म्हणता येणार नाही. पायाला घरची वाट माहीत असते, तसा तो आपोआप झाला. ते रांगेतून निघाले आणि येताना समिधासाठी खव्याची जिलेबी घेऊन आले.

रविवारी जेवताना समिधानं फोन ताटाशेजारी ठेवला. "बाबा, आज पाचपर्यंत आहे."

"अगं, आज रविवार."

"हो, पण यात लिहिलंय."

"लिहिलेलं असतेच. अपिलाच्या कागदावरही तीस दिवस लिहिलेलं असते. तिसावा दिवस रविवार आला तर काय अपील मरते? सोमवारी दाखल होते. ऑफिसच बंद, तर घेणार कोण?"

"ऑनलाइन आहे ना, बाबा."

"ऑनलाइनच्या मागेही माणूसच बसतो, बेटा. तोही आज घरी वरण-भात खाऊन राहिला असेल."

इंदू म्हणाली, "शेजारच्या मनीषाला विचारू का? तिच्या फोनवर पैसे असतात. उद्या देऊन टाकू." रत्नाकररावांच्या बँकेत महिनाअखेरीचे चार हजार होते.

"चांगल्या कामाची सुरुवात उसन्यानं नको," ते म्हणाले. "उद्या दहाला पोस्ट उघडते. सव्वादहाला भरून टाकतो."

समिधानं फोनकडे पाहिलं, मग बापाकडे. आपल्या मैत्रिणींना तीच सांगायची, की माझ्या बाबांची एक तारीख चुकत नाही, साहेब लोक सांगतात. तिनं फोन पालथा ठेवला आणि भात कालवला.

दुपारनंतर तिघं ग्वारीघाटला गेली. इंदू नर्मदेला बोलली होती, की पोरीचं नाव लागलं तर नारळ आणि दिवा देईन. ऑटोवाल्याशी भाड्यावरून घासाघीस झाली, घाटावर फुलवालीशी झाली. पाण्याला ओढ होती. इंदूनं द्रोणात दिवा लावला, पदराआड धरून पाण्यावर सोडला. तो दोनदा गिरकी खाऊन पायरीला येऊन टेकला. समिधानं वाकून बोटानं ढकलला, तेव्हा प्रवाहाला लागला. रत्नाकरराव डोळे मिटून हात जोडून उभे होते. आयुष्यात त्यांनी देवाजवळ फारसं काही मागितलं नव्हतं. त्या दिवशीही मागितलं नाही, आभारच मानले.

"किती वाजले गं?" इंदूनं विचारलं, परतीच्या ऑटोचा हिशेब धरून.

"पाच वाजून दहा," समिधा म्हणाली.

सोमवारी सव्वादहाला बारा हजार खात्यात होते. समिधा शेजारी उभी राहून भरायला लागली. पैसे भरायचं बटणच नव्हतं. त्या जागी एक ओळ होती: मुदतीत शुल्क न भरल्यामुळे प्रवेश रद्द. रत्नाकररावांनी चष्मा पुसून ती ओळ स्वतः वाचली. मग पुण्याला फोन लावला. पाचव्यांदा लागला. पलीकडची बाई शुद्ध, मऊ मराठी बोलत होती, आणि एवढ्या तणावातही त्यांना वाटलं, चला, आपलं माणूस आहे.

"बाई, काल रविवार होता. सुट्टी होती. आज आम्ही तयार आहोत."

"काका, मुदत कालपर्यंतच होती. काल संध्याकाळी पाचला बंद झालं."

"पण सुट्टीच्या दिवशी मुदत कशी संपेल?"

प्रश्नच तिला कळला नसावा. "ते आपोआप बंद होतं, काका. तुमची जागा दुसऱ्या यादीत गेली. आता आमच्या हातात काही नाही."

"अर्ज केला तर?"

"करा ना," ती म्हणाली. एवढ्या हळुवारपणे म्हणाली, की रत्नाकररावांना आशा वाटली.

त्या दिवशी ते कोर्टात गेले ते अर्ज करायलाच. कोर्टात चालतो त्या हिरव्या जाड कागदावर, दुप्पट अंतर सोडून, समास राखून. विलंबाचं कारण: अर्जदाराचा असा प्रामाणिक समज होता की सुट्टीच्या दिवशीची मुदत पुढच्या दिवसावर जाते. विलंब हेतुपुरस्सर नाही. विद्यार्थिनीचा यात कोणताही दोष नाही. खाली शपथपत्र, नोटरीचा शिक्का. इतका स्वच्छ अर्ज त्यांनी दुसऱ्या कोणासाठी केला नव्हता. केतननं तो उभ्या उभ्या वाचला. "मी ईमेल करतो, काका," म्हणाला, आणि फोटो काढून त्याच वेळी पाठवला.

बापूसाहेब दुपारी कोर्टातून आले. रत्नाकररावांनी गाऊन हातात घेतला. साहेब म्हणाले, "अरे हां, तुझ्या मुलीचं ते पुण्याचं. फोन राहिलाच बघ माझा. आज करतो."

"आता नको, साहेब," रत्नाकरराव म्हणाले आणि झालं ते सांगितलं.

बापूसाहेब खुर्चीत बसले. "ढोमणे, तू?" म्हणाले. मग पाणी प्यायले. "जाऊ दे. एका परीनं बरंच झालं. पैसे वाचले."

उत्तर चौथ्या दिवशी आलं. दोन ओळी, इंग्रजीत. केतननं मराठीत सांगायला सुरुवात केली, पण रत्नाकररावांना तेवढं इंग्रजी येत होतं. 'रिजेक्टेड' हा शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर वाचला होता.

समिधा रडली नाही. इंदूनं दोन दिवस वाट पाहिली आणि मग स्वतःच स्वयंपाकघरात रडून घेतलं. "तुला बाबांचा राग येते का?" तिनं एकदा लेकीला विचारलं. समिधा म्हणाली, "नाही गं. त्यांनी थोडीच मुद्दाम केलं? मला माहीत होतं ना ऑनलाइन आहे. मीच पुढे बोलले नाही." हे रत्नाकररावांनी बाहेरच्या खोलीतून ऐकलं. तिनं आदळआपट केली असती, दोन दिवस जेवली नसती, तर त्यांना ते पेललं असतं. हे पेलेना.

ती गावातल्या कॉलेजात जायला लागली. तिथे शिकवणारे चांगले होते, पण अर्ध्या जागा रिकाम्या. वर्गातल्या मुली परीक्षेपुरत्या येत, तिसऱ्या वर्षापर्यंत निम्म्यांची लग्नं झाली. समिधाही हळूहळू परीक्षेपुरतीच जायला लागली. उरलेल्या वेळात आईच्या शिवणाला काजं-बटणं करून द्यायची. रत्नाकरराव कोर्टातून जुने निकाल आणायचे, "वाच, तुला उपयोगी पडतील." ती "हो" म्हणायची. गठ्ठा कपाटावर चढत गेला. एकदा इंदूनं त्यातले कागद कापडाचे नमुने कापायला घेतले, आणि कोणी काही म्हटलं नाही.

पैसे जसेच्या तसे होते. उलट व्याजानं वाढले होते. आजारपण आलं नाही, चोरी झाली नाही, कोणी मागायला आलं नाही. दर गुरुवारी दत्तापुढे पेढा ठेवताना इंदू म्हणायची, "तेवढं एलएल.बी.चं होऊ दे, महाराज." रत्नाकरराव नुसतेच हात जोडायचे. ग्वारीघाटला ते पुन्हा गेले नाहीत. आज गुडघा दुखते, उद्या काम आहे, असं काहीतरी सांगायचे.

या वर्षी समिधाचं बी.ए. झालं. कायद्याच्या तीन वर्षांच्या कोर्सचे फॉर्म निघाले, तेव्हा रत्नाकररावांनी शेवटची तारीख डायरीत लिहिली, डोक्यात ठेवली, आणि शिवाय देव्हाऱ्याशेजारच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं गोल केला. पंधरा दिवस आधी पैसे काढून घरातच आणून ठेवले. "केव्हाही भर," म्हणाले, "पण मुदतीच्या आत भर हं." समिधा म्हणाली, "भरते, बाबा."

त्यांनी आठवण दिली. मग पुन्हा दिली. तिसऱ्यांदा द्यायला त्यांची जीभ उचलेना. तिच्या मागे लागायचा आपल्याला काय हक्क आहे, असं त्यांना वाटलं. ती भरते म्हणाली होती.

लाल गोलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चप्पल घालता घालता त्यांनी विचारलं, "पावती नीट ठेवली ना फॉर्मची?"

समिधा खिडकीशी बसून एका ब्लाउजला हूक लावत होती. तिनं मान वर केली नाही.

"नाही भरला, बाबा."

"काहून?"

"मी रोज म्हणत होते, उद्या भरू. मग वाटलं, भरून काय करू? आता मन नाही होत." तिनं दोरा दातानं तोडला. "कल डेट निकल गई."

इंदू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात रत्नाकररावांचा डबा होता.

रत्नाकररावांच्या तोंडात सगळं आलं होतं: अर्ज करू, कारण लिहू, शपथपत्र करू, आज अर्धी सुट्टी टाकतो. एकतीस अधिक तीन वर्षांच्या सवयीनं ते जिभेवर येऊन उभं राहिलं. पण त्या अर्जात कारणाच्या जागी काय लिहायचं, ते त्यांना सुचेना. विद्यार्थिनीचा यात कोणताही दोष नाही, एवढीच एक ओळ आठवली.

"बरं," ते म्हणाले.

इंदूनं डबा पुढे केला. त्यांनी तो पिशवीत घातला, देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग कोर्टाला निघून गेले. बापूसाहेबांच्या तीन केसेस होत्या त्या दिवशी. तिन्ही फायली वेळेवर पोचल्या.